आधी प्लॅस्टिक ओळखा, मग चिकटवा

मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डला दर जानेवारीच्या अखेरीस मॉडेल रेल्वेचं मोठं प्रदर्शन भरतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत जत्रा! टेबलांवर नव्याकोऱ्या गाड्या असतात आणि टेबलांखाली पुठ्ठ्याची खोकी. ज्याला हा छंद खरोखर लागलाय तो माणूस आधी खाली वाकतो. त्या खोक्यांत मोडके डबे असतात. कुणाची पायरी गेलेली, कुणाची शिडी अर्धी, कुणाचा कपलर लोंबकळतोय. किंमत दोन-तीन डॉलर. तसाच डबा नवा घ्यायला गेलं तर चाळीस-पन्नास डॉलर सहज पडतात.

अशी खोकी अनेक वर्षं उपसल्यावर माझं एक ठाम मत झालंय. यातले बरेच डबे मोडले म्हणून खोक्यात आलेले नाहीत. ते चुकीच्या पद्धतीनं दुरुस्त केले गेले म्हणून आलेत. मोडलेली पायरी अर्ध्या तासाचं काम असतं. पण तीच पायरी कुणीतरी घाईघाईत सुपरग्लूचा थेंब ओतून बसवलेली असेल, ती वाकडी बसली असेल, भोवती रंगावर पांढरा धूर चढला असेल, तर आधी ते सगळं खरवडायचं आणि मग मूळ कामाला हात घालायचा. तिथंच माणूस कंटाळतो आणि डबा टेबलाखाली जातो.

हे सगळं मराठी वाचकांना कशाला सांगायचं, असं वाटेल. पण इथं स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी घरांत या गाड्या आल्या आहेत. मुलगा तीन वर्षांचा असताना लाकडी गाडी येते, सात-आठ वर्षांचा झाला की ख्रिसमसला विजेवर चालणारा सेट येतो. मग शेजारच्या गॅरेज सेलमध्ये कुण्या आजोबांचा अख्खा संग्रह वीस डॉलरला मिळतो. त्यातले दोन डबे आपण भारतवारीत भाच्यासाठी नेतो. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते बघून आलेल्या पोराला डबा मिळाला की तो तो खाली ठेवत नाही. आणि मग महिन्याभरात फोन येतो : ‘‘मामा, पायरी तुटली. इथं पार्ट मिळत नाही. फेविक्विक लावू का?’’

त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. थांब. आधी ते प्लॅस्टिक कुठलं आहे ते बघू.

मोडतं काय आणि का?

इथं सगळ्यात जास्त चालणारा आकार म्हणजे एचओ. खऱ्याच्या १/८७. खरा ४० फुटी बंद मालडबा, ज्याला इथं बॉक्सकार म्हणतात, या मापात जेमतेम १४ सेंटीमीटर होतो. त्यावरची दीड फुटाची हाताची दांडी होते सव्वापाच मिलिमीटरची. म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी लांब आणि जाडीनं शिवणाच्या दोऱ्यासारखी. ती मोडणार नाही तर काय होईल?

सगळ्यात आधी मोडते ती चार कोपऱ्यांवरची पायरी. घोड्याच्या रिकिबीसारखी ती डब्याच्या खाली लोंबत असते आणि रुळावर डबा ठेवताना आपण हमखास कोपऱ्यालाच धरतो. त्यानंतर नंबर लागतो शिडीचा, टोकाच्या ब्रेकच्या चाकाचा, छतावरच्या फळीचा आणि कपलरच्या डबीचा. चाकांच्या सांगाड्याला इथं ट्रक म्हणतात. तो ज्या स्क्रूनं बसतो त्याचे आटे जाणं हेही नेहमीचंच.

बऱ्याच जणांना वाटतं, एक पायरी नसली तर काय बिघडलं, गाडी तर धावते. धावते, हे खरं. पण ती पायरी तिथं शोभेसाठी दिलेली नाही. अमेरिकेत १८९३ साली रेल्वे सुरक्षेचा कायदा झाला. त्याआधी डबे जोडायला माणसाला दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून हातानं पिन घालावी लागे. त्यात बोटं जात, कित्येकदा जीवही जाई. कायद्यानं आपोआप जुळणारे कपलर आले, एअर ब्रेक आले, हाताला धरायच्या दांड्या सक्तीच्या झाल्या. १९१० च्या दुसऱ्या कायद्यानं पायऱ्या, शिड्या, हातब्रेक आणि छतावरची फळी यांचंही बंधन आलं. पुढं गाडीच्या छतावरून चालायची गरज उरली नाही, तेव्हा १९६६ पासून नव्या बॉक्सकारवरून ती फळी गेली. म्हणजे मॉडेलवर छताची फळी आहे की नाही, शिडी पूर्ण उंचीची आहे की आखूड, यावरून जाणकार माणूस डब्याचा काळ सांगतो. सव्वापाच मिलिमीटरच्या दांडीला इतका अर्थ आहे. तिला ‘बारीकसारीक’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

एकच डिंक सगळ्याला चालत नाही

आपल्याकडं वस्तू मोडली की पहिला हात सुपरग्लूकडं जातो. भारतात फेविक्विक, इथं आणखी कुठलं नाव. रसायन एकच, सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या हाती ते लागलं आणि १९५८ मध्ये बाजारात आलं. हवेतल्या ओलाव्यानं ते काही सेकंदांत घट्ट होतं, म्हणून ते जादूसारखं वाटतं. पण घट्ट झाल्यावर ते काचेसारखं ठिसूळ असतं. सरळ ओढलं तर धरून ठेवतं, बाजूनं टिचकी मारली की सुटतं. आणि पायरीला बसतात त्या सगळ्या टिचक्याच! शिवाय त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरा थर सोडते. त्याला सरसकट वाईट म्हणायचं कारण नाही. काही कामांत त्याच्याशिवाय पर्याय नसतो. पण पहिला पर्याय म्हणून ते चुकीचं आहे.

याचं कारण प्लॅस्टिकमध्ये आहे. डब्यावर साधारण तीन प्रकारचं प्लॅस्टिक सापडतं.

पहिलं स्टायरिन, म्हणजे पॉलिस्टायरिन. डब्याचं अंग बहुतेक वेळा याचं असतं. हे प्लॅस्टिक योग्य सॉल्व्हंटमध्ये विरघळतं, आणि तोच त्याचा सगळ्यात मोठा गुण. दोन तुकडे एकमेकांना टेकवून फटीवर सॉल्व्हंटचा ओला ब्रश नुसता टेकवायचा. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते फटीत आपोआप ओढलं जातं. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकांत मिसळतात आणि सॉल्व्हंट उडून गेलं की मध्ये डिंक उरतच नाही. तुकडा एकच होतो. लोहार तापवून दोन कांबी एक करतो, तसंच हे. दोन-चार मिनिटांत धरतं, पण खरी ताकद यायला रात्रभर थांबावं लागतं.

दुसरं एबीएस. दिसायला स्टायरिनसारखंच, पण जास्त चिवट. संत्र्याच्या सालीच्या वासाचं लिमोनिनचं सौम्य सिमेंट याला चालत नाही. एमईके, म्हणजे मिथिल इथिल कीटोनसारखं जोरकस सॉल्व्हंट लागतं.

तिसरं अ‍ॅसिटल. ड्यूपाँट कंपनीनं १९६० मध्ये डेलरिन नावानं ते बाजारात आणलं. हे प्लॅस्टिक जात्याच गुळगुळीत. म्हणून चाकांचे सांगाडे, कपलर आणि आजकाल बऱ्याच वेळा लवचिक दांड्याही याच्या करतात. तेल न घालता आस त्यात सुरेख फिरतो. पण ज्या गुणामुळं चाक फिरतं, त्याच गुणामुळं त्याला कुठलाच डिंक चिकटत नाही. सॉल्व्हंट नाही, सुपरग्लूही नाही. तासाभरानं सोलून हातात येतो. अ‍ॅसिटलच्या पायरीवर तीनदा सुपरग्लू लावणाऱ्या माणसाच्या हाताला दोष नाही. त्याला ते प्लॅस्टिक काय आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

स्वयंपाकघरातली परीक्षा

ओळखायचं कसं? प्रयोगशाळा नको, मीठ आणि पाणी पुरे. कपभर पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे मोठे चार चमचे मीठ पूर्ण विरघळवा. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. मग मोडलेला तुकडा त्यात सोडा. नुसता तुकडा बरं का, अख्खा डबा नाही, त्याच्या पोटात लोखंडी वजन असतं. स्टायरिन आणि एबीएस पाण्यापेक्षा किंचितच जड. साध्या पाण्यात ती बुडतात, पण मिठाच्या दाट पाण्यात तरंगतात. अ‍ॅसिटलची घनता १.४ च्या आसपास, ते तिथंही सरळ तळाला जातं. आणि साध्या पाण्यातसुद्धा तरंगलं तर ते पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यालाही डिंक लागत नाही.

स्टायरिन आणि एबीएस यांतला फरक सॉल्व्हंटच सांगतं. डब्याच्या पोटात, दिसणार नाही अशा जागी लिमोनिनच्या सिमेंटचा एक टिपका लावा. मिनिटभरानं टाचणीनं टोचून बघा. मऊ, चिकट झालं तर स्टायरिन. काहीच झालं नाही तर बाटली बदला.

पाच मिनिटांचं हे काम आहे. पण ते न करता केलेल्या दुरुस्त्यांनीच ती टेबलाखालची खोकी भरतात.

ज्याचा रोग त्याला औषध

एकदा प्लॅस्टिक कळलं की पुढचं काम सोपं आणि आनंदाचं. स्टायरिनची पायरी असेल तर तुटलेल्या दोन्ही टोकांचा रंग ब्लेडच्या टोकानं खरवडा, कारण सॉल्व्हंटनं प्लॅस्टिक जोडायचंय, रंग नाही. मग टेकवा, ब्रश लावा, आणि हात आवरा. सारखं बघायला उचलू नका.

पायरीसारख्या नाजूक जागी नुसत्या सांध्यावर माझा विश्वास नाही. तिथं पिन घालावी. दोन बोटांत फिरवायच्या हातड्रिलनं, ज्याला पिन व्हाइस म्हणतात, ०.४ मिलिमीटरचं भोक दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर खोल पाडायचं आणि तेवढ्याच जाडीच्या पितळी तारेचा तुकडा आत बसवायचा. भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका टोकावर रंगाचा ठिपका ठेवून दुसरं टोक त्यावर दाबा, खूण उमटते. विजेचं ड्रिल वापरू नका. त्याच्या वेगानं प्लॅस्टिक वितळतं आणि बिट आत अडकून बसतो. अ‍ॅसिटलला तर पिन हाच उपाय. तिथं जोड धरून ठेवायचा तो तारेनं. किंवा त्याहून सरळ मार्ग म्हणजे ती मोडकी दांडी काढून टाकायची आणि तारेची नवी वाकवून अंगाच्या स्टायरिनमध्ये बसवायची. प्लॅस्टिकला तार बसवायची तर तिथं सुपरग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब जरूर वापरा. ती त्याची योग्य जागा.

कोपरा पूर्णच उडाला असेल तर आतून ठिगळ लावा. अर्ध्या मिलिमीटरचा स्टायरिनचा पत्रा आतल्या बाजूनं, बाहेरून भर. भरायला दुकानातली पुट्टी लागत नाही. स्टायरिनचे बारीक तुकडे सॉल्व्हंटमध्ये टाकून ठेवले की दुसऱ्या दिवशी मधासारखा लगदा तयार होतो. स्टायरिन कुठून आणायचं? जुन्या सीडीच्या पारदर्शक डब्या स्टायरिनच्याच. खाली त्रिकोणात ६ आकडा असलेले चमचे आणि कपांची झाकणंही.

ट्रकच्या स्क्रूचे आटे गेले असतील तर मोठा स्क्रू ठोकू नका, तिथलं प्लॅस्टिक चिरतं. भोकात स्टायरिनची काडी सॉल्व्हंट लावून बसवा, एक दिवस वाळू द्या, मग नवं भोक आणि नवे आटे पाडा. मूळचाच स्क्रू परत बसतो.

एक सूचना गंभीरपणे. सॉल्व्हंटशी खेळ नको. खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही, बाटली मुलांच्या हाती नाही. पूर्वी मिथिलीन क्लोराईड असलेली सिमेंटं सर्रास मिळत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली, ती उगाच नाही. जुन्या संग्रहाबरोबर अशी बाटली आली तर ती गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. मुलांबरोबर काम करायचं तर स्टायरिन आणि लिमोनिन, तेही आपण शेजारी बसून.

पुढच्या माणसाला उघडता आलं पाहिजे

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडं येतो. चांगली दुरुस्ती म्हणजे न दिसणारी दुरुस्ती, असं बहुतेक लोक मानतात. मी त्यात एक अट घालतो : ती पुढच्या माणसाला उलगडता आली पाहिजे.

हे डबे कुणा एकाकडं राहत नाहीत. माझ्याकडं असलेल्या डब्यांपैकी बरेच माझ्या आधी दोन-तीन घरं फिरून आलेत. माझ्यानंतरही ते फिरतील. या छंदातली बरीच मंडळी आता सत्तरीच्या पुढची आहेत. तळघर रिकामं करताना त्यांची मुलं आख्खा संग्रह एका दिवसात विकून टाकतात. अशा वस्तूची दुरुस्ती करताना आपण तिचे शेवटचे मालक आहोत अशा थाटात वागणं बरं नाही. म्हणून स्क्रूच्या जागी डिंक लावू नये. खाली काढता येणारं अंग कायमचं चिकटवू नये. वजनाची पट्टी बसवताना रबरासारखा, सुटणारा चिकटपदार्थ वापरावा. आणि काम झालं की डब्याच्या पोटात पेन्सिलीनं दोन शब्द लिहावेत : काय बदललं, कशानं जोडलं, कुठल्या साली. ‘डावी पायरी तार, शिडी एमईके, २०२३’. बास. पुढच्याचा अर्धा तास वाचतो.

आपल्याला हे नवीन आहे का? पैठणी रफू करणारा कारागीर मूळचेच धागे शोधतो. जुन्या वाड्याच्या तुळईला सुतार खिळ्याऐवजी लाकडी पाचर मारतो, म्हणजे उद्या ती काढता येईल. दुरुस्तीची ही समज आपल्या घराघरांत होती. मग इथं आल्यावर आपण ती कस्टममध्ये ठेवून आलो की काय? वस्तू बिघडली की बदली करा, बदली नाही मिळाली तर फेका. मुलं आपल्याला कामाच्या मीटिंगा करताना रोज बघतात. एखादी गोष्ट उलगडून, समजून, परत जोडताना ती आपल्याला कितीदा बघतात?

‘दोन डॉलरसाठी दोन तास?’

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. हिशेबानं बघितलं तर इथल्या पगारात दोन तासांची किंमत नव्या डब्यापेक्षा जास्त. पण मग कुठलाच छंद हिशेबात बसत नाही. कुणी बागेत टोमॅटो लावतं, त्याचा एक टोमॅटो काढलात तर तीन डॉलरला पडतो. त्याला कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप थ्रीडी प्रिंटरचा. ‘‘पार्ट छापून घ्या, झालं!’’ अगदी बरोबर, आणि जिथं मूळ तुकडा हरवलाच आहे तिथं मी तेच सुचवतो. पण घरगुती रेझिन प्रिंटरवर छापलेली बारीक दांडी मूळच्यापेक्षा ठिसूळ निघते आणि स्टायरिनचं सॉल्व्हंट तिला धरत नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथंच : हे प्लॅस्टिक कुठलं आणि त्याला काय चालतं?

तिसरा आक्षेप जास्त जड आहे. काही जण म्हणतात, इतकी नाजूक दांडी मुळात करायचीच कशाला? जुन्या डब्यांवर शिडी अंगातच ओतलेली असायची. जाड दिसायची, पण मोडायची नाही. मला दोन्ही आवडतात. लहान मुलाच्या हातात द्यायचा तर जुनाच डबा द्यावा. पण जो निर्माता बारीक तपशिलासाठी जास्त पैसे घेतो, त्यानं त्या तपशिलाच्या दुरुस्तीची सोयही द्यावी, ही अपेक्षा अवास्तव आहे का?

आणि इथं माझी खरी तक्रार आहे. आजकाल बऱ्याच कंपन्या आधी नोंदणी घेऊन ठराविक संख्येतच डबे करतात. एकदा ती खेप संपली की सुटे भाग नाहीत. एका कंपनीला मी एका शिडीसाठी लिहिलं होतं. उत्तर सभ्य होतं : शिडी नाही, पण पुढच्या खरेदीवर सवलत देऊ. म्हणजे सव्वा इंचाच्या शिडीसाठी मी अख्खी नवी गाडी घ्यायची! मी लगेच त्यांना विचारलं, निदान शिडी कुठल्या प्लॅस्टिकची आहे एवढं तरी सांगा. त्याचं उत्तर आलं नाही. शेवटी मिठाच्या पाण्यानं सांगितलं.

दुधाच्या कॅनखाली त्रिकोणात २ लिहिलेलं असतं. ही पद्धत प्लॅस्टिक उद्योगानं १९८८ मध्ये सुरू केली. आठवड्यात फेकून द्यायच्या कॅनवर प्लॅस्टिकचं नाव आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायच्या पन्नास डॉलरच्या डब्यावर नाही. मला सवलत नको. खोक्यावर एक ओळ हवी : अंग स्टायरिन, दांड्या अ‍ॅसिटल, पायऱ्या एबीएस. छपाईला शाई किती लागेल? जमलं तर खोक्यात दोन जादा पायऱ्या. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं झालं. न्यू यॉर्कनं इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारत सरकारनंही २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. वारा त्या दिशेनं आहे. छंदाच्या वस्तू कायद्यात येईपर्यंत थांबायची गरज नाही, ग्राहकांनी मागितलं तर पुरे.

आजोबांचं टेबल

एक सुचवावंसं वाटतं. हिवाळ्यात आपल्याकडं आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, मुलं शाळेत, आपण कामावर. बाबा टीव्हीवरच्या मराठी बातम्या तिसऱ्यांदा बघतात. यांपैकी कितीतरी जणांनी आयुष्य लेथवर, ड्रॉइंग बोर्डवर, टूलरूममध्ये घालवलेलं असतं. आमच्या ओळखीतले एक काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. एका हिवाळ्यात त्यांच्या हाती मोडक्या डब्यांचं खोकं दिलं. त्यांनी चष्मा पुसला, एक डबा उलटा केला आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर ‘‘ही पायरी ज्यानं लावली त्याला कानस धरता येत नाही!’’ मार्चपर्यंत त्यांनी आणि नातवानं मिळून एकोणीस डबे उभे केले. नातवाचं मराठी किती सुधारलं ते वेगळंच. आटे, कानस, पाचर, झोल, लेव्हल हे शब्द त्याला शनिवारच्या मराठी शाळेत कुणी शिकवले नसते.

जवळ रेल्वे क्लब असेल तर तिथं जा. बहुतेक क्लबांत एक दुरुस्तीचं टेबल असतं आणि तिथली म्हातारी मंडळी विचारायची वाट बघत बसलेली असतात. नसेल तर रिपेअर कॅफे शोधा. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा या बाईंनी सुरू केलेली ही कल्पना आता इथल्या गावोगावच्या लायब्रऱ्यांत पोचलीय.

भारतातल्या नातेवाइकांसाठी थोडं वेगळं. तिथं मॉडेलचं सामान कमी मिळतं, पण जुगाडाला तोटा नाही. गिटारची सगळ्यात बारीक पोलादी तार दांडीसाठी उत्तम. स्टेपलरची पिन पायरीसाठी चालते. बारीक ड्रिल बिट सर्किट बोर्डाचं सामान विकणाऱ्यांकडं मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत. ते ठिसूळ असतात, हलक्या हातानं फिरवा. सॉल्व्हंटसाठी अ‍ॅक्रेलिकचे बोर्ड बनवणाऱ्याकडं जा. तो जोडायला क्लोरोफॉर्म वापरतो, आणि ते स्टायरिनलाही लागू पडतं. पण ते घरी आणू नका. डबा त्याच्याकडं न्या, जोड धरा, त्याला ब्रश टेकवायला सांगा. आणि आपण इथून पाठवताना डबा टिश्यू पेपरात गच्च गुंडाळू नका. पायऱ्या त्या दाबानंच मोडतात. डबा मूळ खोक्यातच ठेवा, बाजूंना आधार द्या, कोपरे मोकळे सोडा.

येत्या सुट्टीत कुणाच्या घरी अशी गाडी धूळ खात असेल तर एवढं करा. डबा उलटा करा, काय मोडलंय ते बघा, मीठ-पाणी घ्या, प्लॅस्टिक ओळखा आणि मगच बाटलीचं झाकण उघडा. आणि नवा डबा घेतलात तर त्या कंपनीला दोन ओळींची ईमेल टाका : हा कुठल्या प्लॅस्टिकचा आहे ते खोक्यावर का छापत नाही? माझ्या एकट्याच्या पत्राला उत्तर आलं नाही. पन्नास पत्रांना द्यावंच लागेल.